आईनं सात दिवसांचा लिक्विड डिटॉक्स धरलाय, शुगरची गोळी चालू आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, जरा लवकर उत्तर द्या, आज तिसरा दिवस आहे आणि आई अजिबात ऐकत नाहीये. वय ६१, शुगर ७ वर्षांपासून, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड दोन्ही चालू. रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या बायकांच्यात कुणीतरी हे काढलंय, सकाळी दुधीचा रस, दुपारी बीट-पालक, संध्याकाळी शहाळं, रात्री लिंबूपाणी, भाकरीचा तुकडासुद्धा नाही.

काल दुपारी बघतो तर ओट्याला धरून उभी, मान घामानं भिजलेली, हात असा थरथरत होता की पेला ओट्यावर टकटक वाजत होता. मशीनवर ५४! तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी ९१ आली, मग जबरदस्तीनं आमटी-भात खायला घातला. आणि जरा बरं वाटल्यावर म्हणते काय, "अरं, ते टॉक्सिन भाईर पडाय लागल्यात, पहिल्यांदा असं हुतंय म्हणून सांगितलंय." आज सकाळी परत मिक्सर चालू.

मला एवढं कळतंय की ग्लिमेपिराइड पोटात अन्न असो नसो इन्सुलिन सोडायला लावते, म्हणून साखर खाली गेली, आणि घाण बाहेर टाकायचं काम लिव्हर-किडनी रोजच करतात त्याला रस कशाला पाहिजे. पण काट्यावर दोन किलो कमी दिसलं ना, तिथं माझं बोलणं संपतं. ते बहुतेक पाणीच आहे, अंगात साठलेल्या एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (म्हणजे साठवून ठेवलेली साखर, कमी खाल्लं की ती वापरली जाते) साधारण ३ ग्रॅम पाणी असतं, जेवायला लागली की परत भरणार, हे तिला कसं पटवू? शिवाय तिला मुतखडा होऊन गेलाय आणि पालक-बीटात ऑक्झलेट भरपूर, ज्यानं खडे होतात. दुधी चाखून बघतेस का विचारलं तर नाही म्हणाली, कडू दुधीच्या रसानं माणसं दगावलीत आपल्याकडं.

आमचे डॉक्टर सोमवारी भेटणार. तोवर गोळीचं काय करायचं? कुणाच्या घरी असं झालंय का?

---

दादा, सोमवारची वाट बघू नका, आजच जवळच्या कुठल्याही फिजिशियनना दाखवा, या गोळीनं साखर परत परत खाली जाऊ शकते. गोळीचं त्यांनाच ठरवू द्या. रस आजच बंद आणि वेळेवर जेवण. रात्री झोपताना आणि मध्ये एकदा उठवून शुगर बघा, उशाशी साखर ठेवा. माझ्या सासूबाई आमचं कुणाचं ऐकत नव्हत्या, डॉक्टरांनी समोर बसवून सांगितल्यावर त्याच दिवशी जेवल्या.

---

ताई, धन्यवाद. रिक्षा बोलावलीय, मशीनमधली रीडिंग लिहून घेतलीत, निघतोय.