मदत हवी आहे: रस्त्यावरचा खर्च सत्कारणी लागला का, हे कसं मोजायचं?

राम राम मंडळी. मी चोपड्याकडचा, केळीवाला. आमच्या राज्य मार्गावर दरवर्षी डांबर पडतं आणि पावसाळ्यानंतर पुन्हा खड्डे. खड्ड्यांत घड आदळून माल काळा पडतो, व्यापारी भाव पाडतो. म्हणून हिशोब नीट मांडायचा ठरवलंय.

नुसता एकूण खर्च बघून उपयोग नाही, एवढं कळलं. चौपदरी आणि दुपदरी रस्ता किलोमीटरवर कसा तोलणार? खर्च लेन-किलोमीटरमागे (म्हणजे लांबी गुणिले पदरांची संख्या) काढावा लागेल. त्यात तापीकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. कोकणातल्या जांभ्यावरच्या रस्त्याशी तुलना अन्यायाचीच. खडबडीतपणासाठी आयआरआय (आंतरराष्ट्रीय खडबडीतपणा निर्देशांक) मोजतात, मीटर प्रति किलोमीटरमध्ये. पण तो गावपातळीवर मोजायचा कसा? मोबाईल अ‍ॅपवर कितपत भरवसा ठेवावा?

दुसरं, माहिती अधिकारात अर्ज टाकतोय. महाराष्ट्रात एक विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे नेमकं काय मागू? मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही), दोष दायित्व कालावधी (ज्या काळात बिघाड ठेकेदारानेच दुरुस्त करायचा), की वाहनगणना? बांधकाम खात्यात काम केलेल्या दादा-ताईंनी कृपया सांगावं. आधीच्या एका अर्जाला मोघम उत्तर आलं होतं, या वेळी तसं व्हायला नको.