मदत हवी आहे: एकच कोड दोघांना कळायला हवा, कसा लिहू?

घाईतला_निपाणीकर:
डेअरीच्या दूध बिलाचा प्रोग्राम चालतोय. सोमवारी मी पुण्याला जॉइन होतोय, मागे दोघं बघणार. एकाला कोड कळत नाही, दुसऱ्याला दुधाचा हिशेब. कोडमध्ये कॉमेंट, म्हणजे समजावणाऱ्या ओळी, किती घालू? लवकर सांगा.

उद्यमबागवाला:
कुठली भाषा? दोघं कोण? कोड टाका की ओ.

घाईतला_निपाणीकर:
पायथन, आणि काय असणार! एक सेक्रेटरी मामा, जन्म दूध मोजण्यात गेला, एक्सेलपुरतं येतं. दुसरा डिप्लोमाचा पोरगा, कन्नड मीडियम. मराठी फाडफाड बोलतो, वाचताना अडखळतो.

खानापूरचा_पाऊस:
पायथन 3 ला देवनागरी नावं चालतात. व्हेरिएबलच मराठीत ठेवा, कॉमेंटची कटकट नाही.

उद्यमबागवाला:
पोरगा अडखळतो म्हटलंय ते वाचलं का? शिवाय 'दुसर्‍या' मधला अर्धा र काही कीबोर्डवर अदृश्य जोडचिन्हासकट येतो. पायथन तिथेच एरर फेकतो. माझी अख्खी संध्याकाळ गेली होती त्यात.

खानापूरचा_पाऊस:
पण इंट ला, म्हणजे मजकुराचा आकडा करणाऱ्या फंक्शनला, '१२' देवनागरीत दिलं तरी बरोबर 12 मिळतं!

उद्यमबागवाला:
आकड्यांचं विचारलंय कुणी?

जुनं_खोड:
एक्सेलमध्येच ठेवा सगळं. आमची सोसायटी त्यावरच चालते. पुण्याला जाताना बेळगावचा कुंदा न्या, वरच्या साहेबाला द्या.

घाईतला_निपाणीकर:
कुंदा राहू दे काका. अडचणीची ओळ ही: फिल्टर, आत लॅम्डा (बिननावाचं छोटं फंक्शन), त्याच्या आत 8.5 वजा एसएनएफ (दुधातला फॅट सोडून बाकी घन भाग), गुणिले 10, गुणिले कपात. सगळं एका दमात.

टिळकवाडीची_ताई:
लॅम्डा पोराला कळेल, मामांना नाही. 8.5 मामांना झोपेत कळेल, पोराला नाही. ओळ तोडून चार करा. 8.5 ला नाव द्या, 'गाय_किमान_एसएनएफ' असं काहीतरी, पण इंग्रजी लिपीत. कॉमेंट एकच: 10 ने का गुणलं, तर कपात प्रत्येक 0.1 पॉइंटला असते. लूप कसा फिरतो ते लिहीत बसू नका.

घाईतला_निपाणीकर:
ताई, केलं. मामांना स्क्रीनवर दाखवलं. चष्मा वर करून म्हणाले, "गाय दिसली, म्हैस कुठाय?" म्हशीला 9 लागतो, मी दोघींना 8.5 धरून बसलोय. म्हणून म्हशीवाल्यांची एकही तक्रार नव्हती. उद्या दहा दिवसांचं बिल आहे.

उद्यमबागवाला:
आता तरी कोड टाका.