जॉली बॉय की रेड स्किन? अंदमानच्या सागरी उद्यानासाठी दिवस कोणता धरावा?

कोथरूडकर: डिसेंबरअखेर पुण्याहून आम्ही चौघे अंदमानला निघालोय. वंडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानासाठी एकच दिवस ठेवता येईल. आई-बाबा सत्तरीचे, बाबांना जाड चष्मा, पोहता कोणालाच धड येत नाही. प्रवाळ नीट दिसायला दिवस कसा ठरवावा?

भरती_ओहोटी: आधी वार बघा. सोमवारी उद्यान बंद असतं. पंधरा बेटांपैकी पर्यटकांना एका वेळी एकच खुलं असतं, जॉली बॉय किंवा रेड स्किन, म्हणजे दुसऱ्याला सावरायला वेळ मिळतो. हिवाळ्यात बहुधा जॉली बॉय. तरी परवाना घेताना वन विभागाकडून खात्री करा आणि तो ओळखपत्र दाखवून आधीच काढा. वंडूर श्री विजय पुरमपासून (पूर्वीचं पोर्ट ब्लेअर) सुमारे तीस किलोमीटर. बोटी सकाळीच सुटतात, त्यामुळे "नाश्ता करून निवांत निघू" म्हटलंत तर दिवस गेला.

आता खरी गोष्ट, तिथी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जोरात खेचतं, गाळ ढवळतो आणि काचतळाच्या बोटीतून नुसता धुरकट हिरवेपणा दिसतो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, ओढ कमी आणि पाणी नितळ. भांग तिथीपेक्षा दिवस-दोन दिवस मागे येतो, म्हणून नवमी-दशमी उत्तम. मात्र कोकणातलं "तिथीची पाऊणपट" हे भरतीच्या वेळेचं गणित तिथे लावू नका. ते आपल्या किनाऱ्याचं आहे. वेळेसाठी तिथलंच कोष्टक बघा.

नितळ_पाणी: बाबांसाठी: चष्मा घालून मास्क बसत नाही, काड्यांमुळे कडेला फट राहते. नंबरची काच असलेला मास्क आधी मिळवा. तपासायची रीत अशी: पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास ओढा, हात सोडा. चिकटून राहिला तर मापाचा. मिशी असेल तर वरच्या ओठापाशी पाणी झिरपतं.

लाइफ जॅकेट सगळ्यांनी घालायचंच. पाय टेकवून उभं राहायचा मोह आवरा. दगड वाटतो तो प्रवाळ असतो, बारीक बारीक जिवंत प्राण्यांची वसाहत. त्यांच्या अंगात राहणारी शैवालं त्यांना अन्न आणि रंग देतात. पाणी जास्त तापलं की ती बाहेर टाकली जातात आणि प्रवाळ पांढरा पडतो. २०१० च्या उन्हाळ्यात अंदमानात हे फार मोठ्या प्रमाणावर झालं. म्हणून पांढरं दिसलं की "किती सुंदर" म्हणू नका, तो आजारी आहे. निरोगी प्रवाळ बहुतेक तपकिरी-पिवळसरच असतो.

कोथरूडकर: तिथी बघून तिकिटं काढतो. सामान?

डबावाली: प्लास्टिक बेटावर चालत नाही, तपासणी होते. बाकरवडी-चिवडा पाकिटातून काढून स्टीलच्या डब्यात भरा, पाणी स्टीलच्या बाटलीत. बेटावर दुकान नाही. सनस्क्रीनऐवजी लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा घाला, रसायन पाण्यात उतरत नाही.

शंख, मेलेल्या प्रवाळाचा तुकडा, काहीही उचलू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात प्रवाळ येतात आणि विमानतळावर सामान तपासतात.

भरती_ओहोटी: एक राहिलं. मोठ्या बोटीतून छोट्या बोटीत पाऊल टाकावं लागतं. आईंचे गुडघे दुखत असतील तर खलाशाला आधीच सांगा, दोन्ही हात मोकळे ठेवा आणि पिशवी दुसऱ्याकडे द्या. परतल्यावर वंडूरच्या किनाऱ्यावर जाळीच्या बाहेर कोणीही पाण्यात उतरू नका. तिथे खाऱ्या पाण्यातल्या मगरींचा वावर आहे.