प्रत्येक ग्लिच म्हणजे कोडिंगची चूक नव्हे

कुणीतरी म्हटलंय की ग्लिच, म्हणजे गेममध्ये अचानक दिसणारी गडबड, हा प्रोग्रामरचा आळस. अर्धंच खरं आहे. कोनामी कंपनीच्या ग्रेडियस या गेमच्या १९८६ च्या एनईएस (निन्टेंडोचा जुना गेम कन्सोल) आवृत्तीत ठरावीक क्रमाने बटणं दाबली की सगळी शस्त्रं एकदम देणारा कोड चाचणीसाठी घातला होता, तो तसाच राहिला आणि कोनामी कोड म्हणून गाजला. चाचणीचा उरलेला कोड बऱ्याचदा मेमरीतल्या एखाद्या फ्लॅगमागे (चालू-बंद दाखवणाऱ्या १ किंवा ० च्या खुणेमागे) झोपलेला असतो. दुसऱ्याच बगमुळे त्या पत्त्यावर शून्याऐवजी १ लिहिला गेला, की तो जागा होतो.

हार्डवेअरचा दोष मात्र आपली खूण सोडून जातो. एनईएसच्या कार्ट्रिजमध्ये प्रोग्राम आणि चित्रं यांच्या वायरी वेगळ्या. चित्रांच्या बाजूची एक डेटा पिन मळली तर दर ८ पिक्सेलांवर उभी रेघ दिसते, कारण टाइलच्या (चित्राच्या ८ पिक्सेल रुंद तुकड्याच्या) ओळीतला प्रत्येक पिक्सेल ठरावीक बिटवर (० किंवा १ वर) बसतो. त्याच बाजूची ॲड्रेस पिन (कुठला डेटा हवा ते सांगणारी) गेली तर भलत्याच टाइल येतात, पण खेळ चालू राहतो. प्रोग्रामची पिन गेली तर थेट हँग. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाने पिना पुसा. फुंकर नको, थुंकीने गंज चढतो.

पीसीवर आकडा बघा: ५ चं अचानक १३३ झालं तर फरक १२८, म्हणजे एकच बिट उलटल्याचा संशय. एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग) बंद करून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवा, रॅमची एकेक स्टिक लावून. गेमची तीच सेव्ह फाइल वापरून खेळ दुसऱ्या मशीनवरही तिथेच अडखळला, तर रॅमला सोडा, कोड तपासा.