पुण्यात लहान मुलांना घेऊन ३ दिवस, कुठे कुठे न्यावं?

दोन पोरांची आई
नमस्कार मंडळी, डिसेंबरच्या सुट्टीत मंगळवार ते गुरुवार पुण्यात आहोत. मी, नवरा, मुलगी ९ वर्षांची, मुलगा ४ चा, आणि सासूबाई, त्यांना गुडघ्यांचा त्रास आहे. मुलगी चौथीत आहे, इतिहासाला शिवाजी महाराज आहेत त्यामुळे लाल महाल बघायचाच असा तिचा हट्ट आहे, धाकट्याला मात्र प्राणी आणि रेल्वे सोडून काही नको असतं. मागच्या ट्रिपला एका दिवसात सहा ठिकाणं केली होती, तिसऱ्या ठिकाणी हा जमिनीवर लोळून रडायला लागला आणि मोठीला एकही जागा धड आठवत नाही. तसं परत नको व्हायला. मॉल, गेम झोन सुचवू नका प्लीज, ते आमच्याकडेही आहेत.

पेठेतला बाबा
ताई, माझी दोन्ही मुलं इथेच वाढली, अनुभवावरून सांगतो, दिवसाला एक जुनी वास्तू आणि एक मनसोक्त पळायची जागा, बास. तिसरं काही घेऊच नका.

शनिवारवाड्यात नुसतं "हा पेशव्यांचा वाडा" म्हणून फिरवलंत तर पोरं दहा मिनिटांत कंटाळतील कारण आत वाडा उरलेलाच नाही, १८२८ च्या आगीत सगळं जळून गेलं, आता जोती, तटबंदी, दरवाजे आणि बाग आहे. म्हणून दिल्ली दरवाज्यापाशीच थांबा. दारावर मोठमोठे अणकुचीदार खिळे आहेत ते का असतील हे आधी त्यांनाच विचारा, मग सांगा की हत्तीने धडक मारून दार फोडू नये म्हणून. माझा धाकटा तेव्हा पाच वर्षांचा होता, तो हत्ती झाला, ताई शिपाई झाली, अर्धा तास तिथेच गेला आणि आजही तो वाडा त्याला त्या खिळ्यांवरूनच आठवतो. आत कमळाच्या आकाराचं हजारी कारंजं आहे, तेही दाखवा. तटावर चढणार असाल तर धाकट्याचा हात सोडू नका.

लाल महाल तिथून चालत पाच मिनिटांवर. पण मुलीला आधीच सांगून ठेवा की महाराज राहिले ती मूळ इमारत आता नाही, ही नंतर बांधलेली आहे, नाहीतर ती हिरमुसेल. जागा मात्र तीच परिसरातली. १६६३ मध्ये शायिस्तेखानाची बोटं तुटली ती गोष्ट तिथे उभं राहून तिलाच सांगायला लावा, चौथीतली मुलं आपल्यापेक्षा छान सांगतात.

रेल्वेवेडा
धाकट्यासाठी कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम!! छोटंसं आहे पण आत आख्खं शहर मांडलंय, सिग्नल, पूल, बोगदे, आणि शो सुरू झाला की एकेक गाडी निघते, मधे अंधार करून रात्रीचे दिवे लावतात तेव्हा पोरं अक्षरशः श्वास रोखून बघतात. भाऊ जोशींनी छंद म्हणून आयुष्यभर जमवलेल्या, बनवलेल्या गाड्या आहेत या. जायच्या आधी शोची वेळ फोन करून विचारा. सारसबागेशेजारी पेशवे पार्कात फुलराणी ही मुलांची छोटी आगगाडी आहे, १९५६ ची, माझे वडील लहानपणी तिच्यात बसलेत आणि माझी मुलगीही, त्यामुळे माझा जीव आहे तिच्यावर.

आणि मेट्रो विसरू नका. स्वारगेटहून कसबा पेठ हा पट्टा जमिनीखालून आहे, चार वर्षांच्या पोराला तेवढीच सहल पुरते, वर आलं की शनिवारवाडा चालत जाता येतो आणि पेठांतल्या पार्किंगची कटकटही नाही.

कात्रजची मावशी
आजींचा विचार कुणी केलाच नाही की. आगाखान पॅलेसला न्या त्यांना. भरपूर झाडी, मोठं मैदान, सावलीत निवांत बसता येतं. १९४२ ते ४४ गांधीजी तिथे स्थानबद्ध होते, कस्तुरबा आणि गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई तिथेच वारले, दोघांच्या समाध्या मागे आहेत. मुलीला कळेल, छोट्याला नाही कळलं तरी चालेल, तो गवतावर पळेल. शिवाय जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर. आठव्या शतकातलं, बांधलेलं नाही, एकाच खडकात कोरलेलं, समोर गोल नंदीमंडप. भर रस्त्यावर असून आत गेलं की गार आणि शांत.

पर्वती १०३ पायऱ्या आहे, आजींना नको, पण तुम्ही दोघं मुलांना घेऊन सकाळी लवकर चढा, एकेक पायरी मोजत. १८१७ च्या खडकीच्या लढाईच्या वेळी दुसरा बाजीराव वरूनच बघत होता. वरून शहर दिसतं तेव्हा "काल आपण तिथे होतो" हे दाखवताना फार मजा येते.

केळकर संग्रहालय मला स्वतःला अतिशय प्रिय आहे, अडकित्ते, दिवे, वाद्यं, जुन्या घरातल्या वस्तू, आणि दिनकर केळकरांनी हे सगळं आपल्या गेलेल्या मुलाच्या, राजाच्या आठवणीत उभं केलं हे कळलं की तिथला दिवासुद्धा वेगळा दिसतो. पण ४ वर्षांच्या मुलाला काचेच्या कपाटांत रस नसतो. मुलगी आणि आजी जाऊ देत, बाबांनी धाकट्याला घेऊन बाहेर मस्तानी (आईस्क्रीम घातलेलं घट्ट दूध) प्यावी.

दोन पोरांची आई
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप खूप आभार. असं ठरवतेय, मंगळवारी मेट्रोने शनिवारवाडा, लाल महाल आणि संध्याकाळी फुलराणी, बुधवारी कात्रजचं प्राणिसंग्रहालय पूर्ण दिवस, गुरुवारी सकाळी आगाखान पॅलेस आणि दुपारी रेल्वे म्युझियम. पर्वती बसत नाहीये, पुढच्या वेळी.

कात्रजची मावशी
अगं बुधवारी नको! कात्रज झू बुधवारी बंद असतं, दरवर्षी बाहेरगावची कितीतरी मंडळी गेटवरून परत जाताना बघते मी. बुधवार-गुरुवारची अदलाबदल कर. आत बॅटरीवरची गाडी मिळते, आजींना आधी तिच्यातून एक चक्कर मारू दे आणि मग सापांकडे चालत जा, सर्पोद्यान हाच तिथला सगळ्यात जुना भाग आहे. पाण्याची बाटली आणि टोप्या घे, डिसेंबर असला तरी दुपारी ऊन लागतं.