मदत हवी आहे: चहावर तवंग येतोय, काय करू?

कपबशी
चहावर रोज तवंग येतोय. पातळ, चकाकणारा. चमच्याने ढवळला की त्याचे तुकडे होतात आणि कपाच्या आत तपकिरी कडं राहतं, ते साध्या घासणीने जात नाही. चहा बदलला, कप बदलले, किटली घासली, तरी तेच. आधीच्या घरी असं कधी झालं नाही. पाणी फिल्टरचंच आहे. रविवारी पाहुणे आहेत, लवकर सांगा. 'चहा सोडा' वगैरे सल्ले नकोत.

आलेपाक
साय आहे ती, दुसरं काय! म्हशीच्या दुधात स्निग्धांश ६-७ टक्के असतो. चहा गाळून ठेवला की वर थर येणारच. टोन्ड दूध घ्या. दोन कपांना एक कप पाणी, त्यात इंचभर आलं ठेचून दोन-तीन मिनिटं उकळा, मग दोन चमचे सीटीसी (बारीक दाणेदार) पावडर आणि साखर, आणखी दोन मिनिटं, शेवटी एक कप गरम दूध. एक उकळी आली की लगेच गाळा.

टपालपेटी
आलेपाक, प्रश्न वाचलात का? सायीचे असे तुकडे होत नाहीत, ती चमच्याला गोळा होऊन येते.
धागाकर्तीला: चहा दुधाचा की कोरा? पानं किती, पाणी किती, किती वेळ? फिल्टर कसला? 'आधीचं घर' कुठलं आणि आताचं कुठलं?

कपबशी
कोराच हो! दार्जिलिंगची पानं दुधात कोण उकळतं? किटलीत चमचाभर पानं, वरून उकळतं पाणी, पाच मिनिटं. घर आधी ठाण्याच्या नौपाड्यात, आता घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या पुढे. याचा चहाशी काय संबंध?

टपालपेटी
सगळाच संबंध. तुमच्या बिल्डिंगला पालिकेचं पाणी किती आणि टँकर-बोअरचं किती?

कपबशी
पालिकेचं सकाळी थोडा वेळ. बाकी टँकर. पण सांगितलं ना, फिल्टर आहे.

सोडावॉटर
चिमूटभर खायचा सोडा टाका. रंग असा येतो की बघत राहाल.

टपालपेटी
सोडा अजिबात नको. रंग गडद होतो तो पाणी अल्कधर्मी झाल्यामुळे, चहा चांगला उतरल्यामुळे नाही. लिंबू पिळलं की रंग फिका पडतो, त्याच्या उलट. शिवाय सोडा म्हणजे बायकार्बोनेट, आणि तवंगाचं अर्धं कारण तेच आहे. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट असं दोन्ही असलं की चहातली पॉलिफेनॉल्स (तुरट द्रव्यं) पृष्ठभागावर हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतात आणि हा पापुद्रा धरतो. म्हणून तो फक्त वरच दिसतो, कपाच्या मध्ये नाही.

खात्री करायची तर दोन कप शेजारी ठेवा. एकात बाटलीबंद पाणी, एकात घरचं, दोन्हींत २-२ ग्रॅम पानं, दोन्ही उघडे. दहा मिनिटांनी बघा. घरच्याच कपावर तवंग आला तर पानांचा दोष नाही.

मोरबेकर
अवांतर: आमच्याकडे सीवूड्सला मोरबे धरणाचं पाणी, तवंग कधी बघितलाच नाही. या एकदा चहाला.

ठाणेवैभव
झालं, नवी मुंबईकरांना कुठलाही धागा द्या, मोरबे येणारच. नौपाड्यातही पाणी नदीचंच, मऊ. प्रश्न टँकरच्या बोअरचा आहे. बेसाल्टातून झिरपलेलं पाणी जड असतं.
कपबशी, फिल्टरवर आरओ (क्षारही गाळणारा) लिहिलंय का नुसतं यूव्ही? यूव्ही फक्त जंतू मारतो, कॅल्शियमला हात लावत नाही. कार्बनची कांडी क्लोरीन आणि वास काढते, क्षार नाही.

कपबशी
यूव्ही लिहिलंय. म्हणजे फिल्टर बदलायचा? पंधरा हजार घालवायचे एका तवंगासाठी?

ठाणेवैभव
थांबा, आधी मोजा. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मोजायचा मीटर दोन-तीनशेला मिळतो. पण टीडीएस म्हणजे जडपणा नव्हे; जडपणा कॅल्शियम-मॅग्नेशियमचा, टीडीएसमध्ये सोडियमही मोजला जातो. जडपणासाठी माशांच्या टाकीवाल्यांकडे थेंब मोजायचं किट मिळतं. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० मानकात टीडीएस ५०० पर्यंत आणि एकूण जडपणा २०० पर्यंत चांगला धरलाय, दोन्ही मिलिग्रॅम प्रति लिटर. दुसरा स्रोत नसेल तर २००० आणि ६०० पर्यंत चालवून घेतात. चहाला मात्र तुमचं पाणी ३००-४०० जडपणाचं असेल तर पापुद्रा धरणारच.

आरओ घेतलाच तर मागे टीडीएसचा स्क्रू असतो. तो कच्चं पाणी मिसळतो. बसवायला आलेला माणूस तो हवा तसा फिरवून जातो, त्याच्यासमोरच मोजून घ्या. ८०-१०० च्या आसपास ठेवा. २०-३० वर आणलं तर चहा मला बोथट लागतो.

सोडावॉटर
आरओचं पाणी आरोग्याला घातक.

ठाणेवैभव
त्यासाठी वेगळा धागा काढा.

टपालपेटी
रविवारपर्यंत आरओ बसणार नाही, तेव्हा फुकटातला उपाय. पातेल्यात पाणी पूर्ण उकळी आल्यावर झाकण काढून पाच-सात मिनिटं खदखदू द्या. पांढरी भुकटी खाली बसेल, ते कॅल्शियम कार्बोनेट. दहा मिनिटं न हलवता ठेवा, वरचं पाणी अलगद ओता, तळाचं बोटभर टाकून द्या. मग तेच पाणी पुन्हा तापवून चहा करा.

जुनीकपाट
पाणी दोनदा उकळू नये! त्यातला ऑक्सिजन निघून जातो, चहा निर्जीव लागतो. आमच्याकडे असंच करतात.

टपालपेटी
पहिल्याच उकळीला बराचसा ऑक्सिजन निघून जातो, दुसऱ्यांदा उकळून त्यात मोठा फरक पडत नाही. दोनदा उकळण्याचा दोष असला तर पाणी आटून क्षार दाट होण्याचा, पण इथे क्षार तर खाली बसवून टाकतोय.

आणि कपबशी, 'चमचाभर' हे माप दार्जिलिंगला चालत नाही. सीटीसीचा एक सपाट चमचा २ ग्रॅमच्या आसपास भरतो, पण लांब पानांना तेवढंच वजन भरायला चमच्यावर शीग लागते, कधी दीड चमचा. काट्यावर मोजा: २०० मिलिलिटरला २ ते अडीच ग्रॅम. पहिल्या बहराचा, म्हणजे वसंतातल्या खुडणीचा चहा असेल तर पाणी ८५-९० अंश, तीन मिनिटं. उन्हाळ्याचा, म्हणजे दुसऱ्या बहराचा असेल तर ९०-९५, साडेतीन-चार. पाच मिनिटं ठेवलात तर तुरटपणा वाढतो. कमी पानं घातली तर तवंग उलट जास्त येतो, कारण कडक चहाची आम्लता त्याला थोडी रोखते. किटलीवर झाकण ठेवा. कपात ओतल्यावर लगेच पिणाऱ्याला तवंग दिसतच नाही, गप्पा मारत बसलं की धरतो.

कपबशी
दोन कप करून बघितलं. बाटलीवाला लख्ख, घरचा मेणकट. किटलीच्या तळाशीही पांढरं आहे, ते निघेल का?

ठाणेवैभव
निघेल. लिटरभर पाण्यात दोन चमचे लिंबूफूल, उकळी आणा, बंद करून अर्धा तास ठेवा. सुटं होईल. मग दोनदा साधं पाणी उकळून फेका. कपाच्या आतल्या कड्यालाही हेच पाणी, बाहेरच्या नक्षीपासून जपून. सोसायटीला टाकीच्या पाण्याचा अहवाल मागा, टँकरवाला कुठलं पाणी भरतो ते कळेल.

आलेपाक
हे सगळं ठीक, पण पाहुण्यांना कोरा चहा देणार? वाईट वाटेल हो त्यांना.

जुनीकपाट
गुळाचा चहा करा. तो का फाटतो, हे मात्र कोणी सांगत नाही.

टपालपेटी
फाटतो, कारण गूळ किंचित आंबट असतो आणि तुम्ही तो उकळत्या दुधात टाकता. गॅस बंद करा, मिनिटभर थांबा, मग किसलेला गूळ घालून ढवळा. पुन्हा गॅसवर ठेवू नका. कच्च्या दुधात आलं ठेचून घातलं तरी फाटू शकतं, त्यातलं एन्झाइम दूध बांधतं. आधी पाण्यात उकळलं की ते निकामी होतं. आलेपाक, तुमच्या पाककृतीतला हा भाग बरोबर आहे.

आलेपाक
शेवटी मानलंत. सायीचं पण बघा जरा.