शेजारच्या भातशेतात प्लॉट पाडायलेत, पाणी कुठं जाणार?

बेळगावात येळ्ळूर रोडला आमचं भातशेत आहे. शेजारचं शेत घेणाऱ्यानं मुरूम टाकून चुन्याच्या रेषा मारल्यात, बांधालगतची चरही बुजवली. बळ्ळारी नाल्याला पूर आला की आधीच रोप कुजतंय. तक्रार कुठं करू?

— काका, आधी त्या सर्व्हे नंबरचा उतारा काढा. १९६४ च्या कर्नाटक भू-महसूल कायद्याच्या कलम ९५ खाली बिगरशेती झाली नसेल तर तहसीलदारांकडं अर्ज द्या. पोच घेतल्याशिवाय उठू नका!

— बुडाकडं (बेळगाव नगरविकास प्राधिकरण) लेआउट मंजूर आहे का तेही विचारा. चरीचा जुना फोटो असला तर जोडा.

— बाँडवर, म्हणजे नोंदणी न करता नुसत्या बाँड पेपरवर लिहून, गुंठा-दोन गुंठे घेणारी आपलीच पोरं हायत, शहरात परवडत नाही म्हणून. भांडायचं तर प्लॉट पाडणाऱ्याशी भांडा.